‘कृपया थांबा…’ची खिडकी बंदच होत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. पहिले, ज्यांच्या समोर आत्ता ती खिडकी अडकून बसली आहे आणि पाठीमागे गिऱ्हाईक ताटकळतंय. दुसरे, ज्यांनी ते सॉफ्टवेअर लिहिलं आहे आणि ज्यांना आता पहिल्यांचा फोन येणार आहे. सुरुवातीचे तीन प्रश्न पहिल्यांचे, बाकीचे दुसऱ्यांचे. उदाहरणं मुख्यतः विंडोज आणि डॉटनेटची (प्रोग्राम लिहायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनाची) आहेत, कारण माझा दिवस त्यातच जातो. क्यूटी आणि जावा या दुसऱ्या साधनांबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

दहा मिनिटं झाली, चक्र फिरतंच आहे. आधी काय करू?

आधी काहीच दाबू नका, नुसतं बघा. चक्र फिरतंय का, आणि खिडकी माउसने धरून सरकवता येते का? दोन्ही होत असेल तर प्रोग्राम जिवंत आहे. एक तर काम खरंच चालू आहे, नाहीतर काम संपलंय पण ते खिडकीला कळलेलं नाही.

खिडकी फिकट पांढरी पडून वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहून आलं असेल तर गोष्ट वेगळी. एखादी खिडकी ५ सेकंद आपले निरोप उचलत नसेल तर विंडोज तिच्यावर हा शिक्का मारतं. त्याचा अर्थ प्रोग्राम मेला असा नाही. वर्षभराचा अहवाल काढायला बसलेला प्रोग्रामही असाच दिसतो आणि दोन मिनिटांनी भानावर येतो.

मग ऑल्ट धरून टॅब दाबा. मागे एखादी छोटी खिडकी दडलेली असते : ‘प्रिंटर सापडला नाही’, ‘फाइल आधीच आहे, बदलू का?’ तिला उत्तर मिळेपर्यंत पुढची खिडकी हलत नाही. काही लोक न बघताच एंटर मारतात आणि बऱ्याचदा सुटतातही. पण त्या न दिसणाऱ्या खिडकीतला प्रश्न ‘डिलीट करू का?’ असा असू शकतो, म्हणून आधी वाचा.

तरीही काही नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि त्या प्रोग्रामच्या ओळीत सीपीयू, डिस्क, नेटवर्क पाहा. आकडे हलत असतील तर काहीतरी चालू आहे, थांबा. सगळं शून्यावर गोठलेलं असेल तर प्रोग्राम कशाची तरी वाट बघत बसला आहे. बंद पडलेला सर्व्हर, निघालेली केबल, पासवर्ड विचारणारा शेअर केलेला फोल्डर, असल्या गोष्टी आता तपासा.

‘एंड टास्क’ केलं तर डेटा जाईल का?

माहिती कुठे साठते त्यावर अवलंबून आहे. एसक्यूएल सर्व्हर किंवा एसक्यूलाइट असा डेटाबेस असेल आणि प्रोग्राम नीट लिहिलेला असेल, तर अर्धवट राहिलेला व्यवहार पुन्हा उघडल्यावर आपोआप मागे घेतला जातो. यात लोक एक घात करतात. एसक्यूलाइटच्या फाइलशेजारी ‘जर्नल’ असं शेपूट लावलेली एक फाइल राहिलेली दिसते आणि ती कचरा समजून उडवली जाते. अर्धवट लिखाण मागे घ्यायला लागणारा मजकूर नेमका त्याच फाइलमध्ये असतो. तिला हात लावू नका.

अ‍ॅक्सेसची फाइल नेटवर्कवर ठेवून चारपाच जण वापरत असाल तर धोका जास्त. लिहिता लिहिता तोडलं तर फाइल बिघडू शकते. आधी बाकीच्यांना बाहेर पडायला सांगा, फाइलची प्रत काढा आणि मगच ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ चालवा.

डेटा जाण्यापेक्षा दुप्पट होणं मी जास्त वेळा पाहिलं आहे. बिल जतन झालेलं असतं, फक्त खिडकी बंद झालेली नसते. माणूस प्रोग्राम मारतो, पुन्हा उघडतो आणि तेच बिल परत टाकतो. म्हणून उघडल्यावर पहिलं काम, शेवटचा बिल नंबर पाहणं.

बंद करून उघडलं की चालतं. मग तक्रार कशाला करायची?

कारण ते पुन्हा होणार आहे. पण तक्रार करताना ‘हँग होतं’ एवढंच सांगू नका. कोणतं बटण दाबलं, त्या वेळी चक्र फिरत होतं की गोठलं होतं, आणि मागे दुसरी खिडकी होती का, एवढं सांगितलंत तरी अर्धं काम होतं. मोबाइलने पूर्ण स्क्रीनचा फोटो काढा, फक्त त्या खिडकीचा नको.

आता लिहिणाऱ्यांसाठी. मुळात ही खिडकी अडकते कशाने?

किराणा दुकानात गल्ल्यावर एकच माणूस आहे असं समजा. गिऱ्हाइकाला उत्तर तोच देतो, पैसे तोच घेतो, आतून आलेली ‘माल बांधून झाला’ ही चिठ्ठीही तोच वाचतो. हा माणूस स्वतःच गोदामात पोतं उचलायला गेला की रांग थांबते आणि चिठ्ठ्या न वाचता पडून राहतात. डेस्कटॉप प्रोग्राममधला मुख्य थ्रेड (कामाचा मुख्य धागा) म्हणजे हा गल्ल्यावरचा माणूस. खिडकी रंगवणं, क्लिक घेणं, खिडकी बंद करणं ही सगळी त्याचीच कामं.

म्हणून अडकलेली खिडकी समोर आली की मी त्या खिडकीच्या कोडकडे बघतच नाही. तिच्यात क्वचितच दोष असतो. काम खरंच संपलं का? संपलं असेल तर तो निरोप निघाला का? निघाला असेल तर घेणारा गल्ल्यावर आहे का? खालचे बहुतेक प्रश्न या तिन्हींपैकी कुठल्या ना कुठल्या जागी येऊन पडतात.

‘शोडायलॉग’ लिहिलं, त्याच्या खालच्या ओळीत काम सुरू केलं. काम सुरूच होत नाही!

होणारच नाही. ‘शोडायलॉग’ ती खिडकी बंद होईपर्यंत परत येत नाही आणि खिडकी बंद करणारी ओळ तुम्ही त्याच्या खाली लिहिली आहे. दोघं एकमेकांना ‘आधी तुम्ही’ म्हणत बसले आहेत. जावा स्विंगमध्ये मोडल (बंद होईपर्यंत बाकीचं अडवून धरणाऱ्या) डायलॉगला ‘सेटव्हिजिबल ट्रू’ म्हटल्यावर हेच होतं.

मला आवडणारी रचना अशी : काम खिडकीच्या स्वाधीन करायचं. खिडकीच्या ‘शोन’ इव्हेंटमध्ये, म्हणजे ती दिसू लागली की, ‘टास्क रन’ने काम मागच्या थ्रेडवर पाठवायचं, ‘अवेट’ करायचं (मुख्य थ्रेड न अडवता वाट बघायची) आणि ‘फायनली’मध्ये खिडकी बंद करायची. काम जमलं, फसलं किंवा मध्येच सोडलं, तरी बाहेर पडायची वाट एकच राहते.

मग ‘शोडायलॉग’ऐवजी नुसतं ‘शो’ केलं तर?

खिडकी उघडेल, पण आतली अक्षरंही रंगणार नाहीत, कारण पुढच्याच ओळीला मुख्य थ्रेड गोदामात गेला. यावर ‘डूइव्हेंट्स’ची (काम मध्येच थांबवून साचलेले निरोप उचलायची) मात्रा सांगणारे पुष्कळ भेटतील. मी ती देत नाही. ती दिल्यावर काम अर्धवट असताना ‘जतन करा’चं दुसरं क्लिकही आत शिरतं, आणि मग एका बिलाची दोन बिलं का झाली याचा शोध घेत बसावं लागतं.

माझ्या मशिनवर झकास चालतं, गिऱ्हाइकाकडेच अडकतं. असं का?

या विषयातला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याला एक उत्तर नाही.

विनफॉर्म्समध्ये (डॉटनेटमधलं खिडक्या बनवायचं जुनं साधन) दुसऱ्या थ्रेडवरून खिडकीला हात लावला तर ‘क्रॉस-थ्रेड’ची चूक फेकली जाते, हे आपण गृहीत धरतो. पण ती तपासणी मुळात डीबगर (चालत्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं साधन) जोडलेला असतानाच चालू असते. गिऱ्हाइकाकडे डीबगर नसतो, त्यामुळे तिथे तेच चुकीचं कोड आरडाओरडा न करता चालतं, आणि कधी चालतं, कधी अडकतं. डब्ल्यूपीएफ हे त्याचं नवं भावंड या बाबतीत कडक आहे, ते कुठेही असा हात लावू देत नाही. डीबगमध्ये चूक दिसली की ती तपासणीच बंद करून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

दुसरं कारण डेटा. तुमच्याकडे नमुन्याला ५० नोंदी आहेत. गिऱ्हाइकाकडे नव्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवशी एकही नाही. ‘नोंदी नसतील तर परत फिरा’ ही ओळ खिडकी बंद करायच्या ओळीच्या वर आहे. झालं, १ एप्रिलच्या सकाळी तुमचा फोन वाजतो.

तिसरं कारण म्हणजे गिळलेली चूक. त्यासाठी पुढचा प्रश्न.

काम मागच्या थ्रेडवर करायला मी ‘बॅकग्राउंडवर्कर’ वापरतो. काम संपल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, म्हणजे हँडलरमध्ये, ‘क्लोज’ लिहिलं आहे. तरी खिडकी राहते.

त्या हँडलरची पहिली ओळ कोणती आहे? बहुतेक ‘रिझल्ट’ वाचणारी असेल. इथेच गोम आहे. काम करताना चूक झाली तर ‘बॅकग्राउंडवर्कर’ ती पकडून ‘एरर’मध्ये ठेवतो आणि तुमचा हँडलर नेहमीसारखाच बोलावतो. पण अशा वेळी ‘रिझल्ट’ला हात लावलात की तिथेच नवी चूक फेकली जाते. तुमचं ‘क्लोज’ चौथ्या ओळीत आहे आणि चौथी ओळ येतच नाही. आधी खिडकी बंद करा, मग ‘एरर’ बघा, मग ‘कॅन्सल्ड’ बघा आणि सगळं ठीक असेल तरच ‘रिझल्ट’ उघडा.

‘टास्क’च्या जमान्यात हीच गोष्ट आणखी शांतपणे होते. ज्या ‘टास्क’ची कुणी ‘अवेट’ केली नाही, त्यातली चूक डॉटनेट ४.५ पासून प्रोग्राम पाडत नाही. कुणालाच काही कळत नाही आणि खिडकी फिरत राहते. पूर्वी निदान प्रोग्राम कोसळायचा तरी!

‘असिंक’, ‘अवेट’ सगळं वापरलं आहे, तरी पहिल्याच क्लिकला सगळं गोठतं.

कोडमध्ये ‘डॉट रिझल्ट’ किंवा ‘डॉट वेट’ शोधा. मुख्य थ्रेड ‘रिझल्ट’पाशी उभा राहून कामाची वाट बघतो. कामाला ‘अवेट’नंतरचा उरलेला भाग मुख्य थ्रेडवरच पुरा करायचा असतो, म्हणून ते मुख्य थ्रेडची वाट बघतं. यालाच डेडलॉक म्हणतात. लायब्ररीच्या आतल्या कोडमध्ये ‘कॉन्फिगरअवेट फॉल्स’ लिहिल्याने सुटका होते, पण खरा उपाय म्हणजे बटणाच्या हँडलरपर्यंत सगळीकडे ‘अवेट’च ठेवणं. मध्ये एक जरी ‘रिझल्ट’ राहिला तरी पंचाईत.

वापरणाऱ्याने फुलीवर क्लिक करून बंद करू नये म्हणून ‘फॉर्मक्लोजिंग’मध्ये ‘कॅन्सल’ केलं. आता मलाही बंद करता येत नाही.

दाराला आतून कडी लावून स्वतःच बाहेर राहिलात. तिथे ‘क्लोजरिझन’ तपासून फरक करता येईल असं वाटतं, पण तुम्ही कोडमधून ‘क्लोज’ म्हटलं तरी कारण ‘यूजरक्लोजिंग’ असंच येतं. स्वतःचा एक बूलियन (खरं की खोटं एवढंच सांगणारी खूण) ठेवा, ‘काम संपलं’ असा. तो खरा असेल तर सोडा, नाहीतर अडवा. विंडोज बंद होत असेल तेव्हा मात्र अडवू नका. त्यापेक्षा सोपं म्हणजे ‘कंट्रोलबॉक्स’ काढून फुलीच दिसू न देणं, तरी ऑल्ट आणि एफ४ शिल्लक राहतंच.

वजनकाटा, बारकोड मशिन असं काही जोडलं की अडकतं. त्याचं काय?

हा माझ्या आवडीचा विषय आहे, कारण यात मी स्वतः तोंडावर आपटलो आहे. एका दूध संकलन केंद्रासाठी प्रोग्राम लिहिला होता. कॅन काट्यावर ठेवला की ‘वजन घेत आहे…’ अशी खिडकी यायची आणि क्षणात जायची. दीड वर्ष बिनतक्रार. मग काटा बिघडला, केंद्रवाल्यांनी दुसरा आणला आणि त्या दिवशी सकाळी सहाला पहिल्याच कॅनवर खिडकी अडकली. बाहेर कॅन घेऊन उभी असलेली रांग, आणि फोनवर सचिवांचं एकच वाक्य, ‘‘अहो, दूध नासेल हो!’’ त्या दिवशीचं संकलन वहीवर झालं.

जाऊन पाहिलं तर काटा वजन व्यवस्थित पाठवत होता. जुना काटा प्रत्येक वजनाच्या शेवटी ‘कॅरेज रिटर्न’ आणि ‘लाइन फीड’ ही ओळ संपल्याची दोन्ही चिन्हं पाठवायचा. नवा फक्त पहिलं. डॉटनेटच्या ‘सीरियलपोर्ट’मधलं (काटा ज्या पोर्टला जोडतात तो वाचणारं) ‘रीडलाइन’ मात्र, वेगळं सांगितलं नाही तर, ‘लाइन फीड’ येईपर्यंत ओळ संपली असं मानत नाही. आणि किती वेळ वाट बघायची? ‘रीडटाइमआउट’ दिला नसेल तर अनंत काळ. वजन येऊन पोचलं होतं आणि माझा प्रोग्राम दारात उभा राहून त्याच्या शेपटाची वाट बघत होता.

दुरुस्ती चार ओळींची. ‘न्यूलाइन’ला ‘कॅरेज रिटर्न’ दिलं. आलेल्या मजकुराच्या दोन्ही बाजू छाटल्या, म्हणजे जुन्या काट्याचं उरलेलं ‘लाइन फीड’ही निघून जातं. ‘रीडटाइमआउट’ २००० मिलिसेकंद केला. आणि तेवढ्यात वजन आलं नाही तर खिडकी बंद करून ‘काट्याकडून वजन आलं नाही, केबल पाहा’ असं सांगायचं आणि वजन हाताने टाकायची सोय उघडायची. ही शेवटची सोय पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

सीरियल पोर्टची आणखी एक खोड आहे. ‘डेटारिसीव्ह्ड’मध्ये (माहिती आली की चालणारा कोड) ‘इन्व्होक’ लिहिलं असेल, म्हणजे मुख्य थ्रेडला निरोप देऊन तो पुरा होईपर्यंत थांबायचं ठरवलं असेल, आणि त्याच वेळी मुख्य थ्रेडवरून पोर्ट ‘क्लोज’ केला तर दोघंही एकमेकांवर अडतात. तिथे ‘बिगिनइन्व्होक’ वापरा, ते निरोप ठेवून पुढे जातं.

बाकीच्या वाट पाहण्यांना निदान मर्यादा असते. ‘एसक्यूएलकमांड’ मुळात ३० सेकंद थांबतं, ‘एचटीटीपीक्लायंट’ १०० सेकंद. पण काउंटरवरच्या माणसाला १०० सेकंद म्हणजे हँगच. हे आकडे कामाप्रमाणे तुम्हीच ठरवा.

काम सावकाश झालं तर सगळं ठीक, पटकन झालं तर अडकतं. उलटं नको का?

नाही, हे अगदी बरोबर आहे. तुम्ही काम आधी सुरू केलं आणि खिडकी नंतर उघडली. काम इतक्यात संपलं की ‘बंद हो’ हा निरोप खिडकी जन्मायच्या आधीच येऊन गेला. विनफॉर्म्समध्ये खिडकीचं हँडल (विंडोज तिला देतं ती ओळख) तयार होण्याआधी ‘इन्व्होक’ केलं तर चूक फेकली जाते. ती चूक दूर व्हावी म्हणून बरेच जण ‘हँडल नसेल तर काही करू नका’ अशी अट घालतात. चूक जाते खरी, पण तिच्यासोबत निरोपही जातो, आणि मागाहून उघडलेली खिडकी कायमची राहते. काम ‘शोन’मध्ये सुरू करणं हाच यावरचा उपाय.

‘क्लोज’ चालतं असं डीबगरमध्ये दिसतं, पण पडद्यावर खिडकी तशीच!

तुम्ही दुसरीच बंद करताय. ‘न्यू लोडिंगफॉर्म’ (दरवेळी नवी खिडकी बनवणारी ओळ) कोडमध्ये किती ठिकाणी आहे ते मोजा.

किंवा दोन कामं एकाच वेळी चालू झाली आणि प्रत्येकाने आपापली खिडकी एकावर एक उघडली. एकच खिडकी आणि चालू कामांचा आकडा ठेवा, शून्य झाला की बंद. आकडा कमी करायची ओळ ‘फायनली’तच हवी, हे आता सांगायला नकोच.

लोडिंगची खिडकी सगळ्यांच्या वर राहावी म्हणून ‘टॉपमोस्ट’ केली. चांगलं ना?

अजिबात नाही. चूक झाल्यावर येणारी मेसेजबॉक्स तिच्याखाली दडते. लोडिंगची खिडकी मेसेजबॉक्स बंद व्हायची वाट बघते आणि मेसेजबॉक्स दिसतच नाही. ‘शोडायलॉग’ला मालक खिडकी द्या, म्हणजे ती आपोआप मालकाच्या वर राहते. आणि लोडिंग आधी बंद करून मगच संदेश दाखवा.

६० सेकंदांनी टायमरने खिडकी बंद करून टाकू का? कटकट मिटेल.

खिडकी जाईल, काम मागे चालूच राहील. माणूस पुन्हा बटण दाबेल. कालमर्यादा कामाला लावा, खिडकीला नको.

‘रद्द करा’ बटणाचंही हेच. ‘कॅन्सलेशनटोकन’ ही विनंती आहे, काम ती मधूनमधून तपासत असेल तरच थांबतं. बटण दाबल्यावर लगेच खिडकी घालवू नका, ‘थांबवत आहे…’ असं लिहा आणि काम खरंच थांबल्यावर बंद करा. थ्रेडला ‘अबॉर्ट’ करायचा जुना रस्ता डॉटनेट ५ पासून पुढे चालतच नाही, आणि बरंच झालं.

क्यूटी किंवा जावात काही वेगळं आहे?

तत्त्व तेच. क्यूटीच्या ‘क्यूप्रोग्रेसडायलॉग’ची, म्हणजे काम किती झालं ते दाखवणाऱ्या खिडकीची, एक गंमत मात्र सांगतो. आकडा कमाल आकड्याला पोचला की तो आपोआप बंद होतो. कमाल १०० आणि लूप ० ते ९९, म्हणजे शेवटचा आकडा ९९. फेऱ्या बरोबर शंभर झाल्या, पण खिडकी उभीच. लूपनंतर आकडा एकदा कमाल करून टाका. शिवाय मुळात तो ४ सेकंदांहून कमी वेळ लागेल असं वाटलं तर दिसतच नाही, त्यामुळे छोट्या नमुन्यावर चाचणी केलीत तर ही चूक कधीच सापडणार नाही.

जावा स्विंगमध्ये ‘स्विंगवर्कर’ वापरा आणि ‘डन’मध्ये खिडकी ‘डिस्पोझ’ करा. तिथेही आधी ‘डिस्पोझ’, मग ‘गेट’, कारण कामातली चूक ‘गेट’ करतानाच बाहेर पडते.

गिऱ्हाइकाकडे अडकलं आहे, माझ्याकडे अडकत नाही. नक्की कुठे ते कसं शोधू?

प्रोग्राम अडकलेला असतानाच टास्क मॅनेजरमध्ये त्याच्यावर उजवं क्लिक करून ‘क्रिएट डंप फाइल’ म्हणायला सांगा. ती फाइल व्हिज्युअल स्टुडिओत उघडली की प्रत्येक थ्रेड कुठल्या ओळीवर उभा आहे ते दिसतं. सगळ्यात आधी मुख्य थ्रेड बघा. तो ‘शोडायलॉग’च्या आत निवांत असेल तर निरोप निघालेलाच नाही. ‘वेट’, ‘रिझल्ट’ किंवा ‘रीड’मध्ये असेल तर चोर सापडला. प्रोग्राम ३२ बिटचा आणि विंडोज ६४ बिटचं असेल तर डंप ‘सिसवाव६४’ फोल्डरमधल्या टास्क मॅनेजरने काढा, नाहीतर उघडताना डोकेदुखी होते.

डंप मागवणं जमत नसेल तिथे लॉग, म्हणजे प्रोग्रामने स्वतः लिहिलेल्या नोंदी. पाच ओळी पुरतात : खिडकी उघडली, काम सुरू, काम संपलं, बंद करायला सांगितलं, बंद झाली. प्रत्येक ओळीत वेळ आणि थ्रेडचा नंबर. दूध केंद्राच्या लॉगमध्ये त्या सकाळच्या दोनच ओळी होत्या, ६ वाजून ४ मिनिटांच्या, आणि तिसरी आलीच नव्हती.